आधी घर बघून या

"समजा, उद्या स्कॉटलंडला बाहेर पडायचंय. तर पहिलं काम कुठलं?"

इंदुताईंनी हा प्रश्न टाकला तेव्हा त्यांच्या नॉटिंगहॅमच्या घरी आम्ही सात-आठ जण उपीट खात बसलो होतो. दोन हजार सातचा उन्हाळा लागत होता. तिकडे स्कॉटलंडात निवडणूक होऊन ब्रिटनपासून वेगळं होऊ म्हणणाऱ्यांचं सरकार नुकतंच आलं होतं आणि इकडचे पेपर हवालदिल झाले होते. आम्ही सगळे पुण्या-मुंबईचे सॉफ्टवेअरवाले. राजकारणावर मत नाही असा आमच्यात एकही नव्हता. कुणी म्हणालं, आधी सैन्याचं ठरवायचं. कुणी म्हणालं, पाउंड ठेवायचा की नाही ते. निखिल भोसले हा आमच्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा. तो म्हणाला, "ऑब्व्हियसली तेल! नॉर्थ सीचं तेल कुणाचं हे सेटल झाल्याशिवाय टेबलावर बसायचंच नाही." मी म्हणाले, तारीख. तारीख जाहीर करून टाकायची, म्हणजे समोरचे खडबडून जागे होतात.

इंदुताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "पहिलं काम म्हणजे किटली."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

इंदुताई म्हणजे डॉ. इंदुमती कंग्राळकर. मूळ बेळगावच्या. तीस वर्षं त्या इथल्या सरकारी रुग्णालयात म्हाताऱ्या माणसांच्या डॉक्टर होत्या आणि निवृत्त झाल्यावरही जगातल्या कुठल्याही प्रश्नाकडे वॉर्डातूनच बघत. "म्हातारा जरा बरा झाला की त्याला घरी जायची घाई," त्या सांगू लागल्या. "वॉर्डाला खाट मोकळी करायची घाई. मुलगा म्हणतो सोमवारी, सिस्टर म्हणते आजच. सगळे तारखेवर भांडतात. मी म्हणायची, आधी घर बघून या. मग आमची थेरपिस्ट म्हाताऱ्याला गाडीत घालून त्याच्याच घरी न्यायची आणि सांगायची, कर चहा. किटलीत पाणी भरता येतंय काय? जिना चढता येतोय काय? दूध कोण आणून देणार? एवढं बघायचं आणि परत वॉर्डात. तारीख त्याच्यानंतर. देश झाला म्हणून काय झालं? बाहेर पडल्यावर पहिल्या सकाळी चहा कसा होणार ते बघून या, मग बोला की तेलाचं."

वर त्यांनी पुस्ती जोडली, "आणि शुक्रवारी संध्याकाळी कुणालाही घरी सोडायचं नाही. सोमवारी परत येतंय ते माणूस, आणखी बिघडून."

उंची पाच फुटांच्या आतबाहेर, साडीवर बारा महिने तपकिरी कार्डिगन, पायांत पळायचे बूट. चालायच्या इतक्या भरभर की त्यांच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे आमची तारांबळ. मात्र ऐकायला बसल्या की सगळी घाई संपे. डोळे मिटून ऐकत. नवख्या माणसाला वाटे, बाईंना झोप लागली. तुमचं बोलून झालं की डोळे उघडून म्हणत, "तुझं म्हणणं असं आहे, बघ हं." आणि तुमचाच मुद्दा तुमच्यापेक्षा नीट मांडून दाखवत. "बरोबर बोलले काय?" तुम्ही हो म्हटल्याशिवाय त्या विरोधाचा शब्द काढत नसत. हो म्हणेपर्यंत तुमचा निम्मा जोर ओसरलेला असे. माझा तर पाऊण.

त्यांच्या घरात एक कायदा होता. बोलताना जो कुणी 'ते लोक' असं म्हणेल त्याने उठून सगळ्यांचे कप विसळायचे. ते लोक म्हणजे कोण, नाव घ्या, असा त्यांचा आग्रह. इंग्रज लोक, गुजराती लोक, डॉक्टर लोक, काहीही चालणार नाही. माणसाचं नाव घेऊन तक्रार करा, किंवा कप विसळा. माझ्याएवढे कप त्या घरात कुणी विसळले नसतील. माझं माहेर पुण्याचं, त्यामुळे मला 'ते लोक' या दोन शब्दांशिवाय बोलताच येत नसे.

त्या उन्हाळ्यात चार रविवार आम्ही स्कॉटलंड-स्कॉटलंड खेळलो. खेळच तो. निम्मे एडिंबरा, निम्मे लंडन, मध्ये इंदुताईंचं जेवणाचं टेबल. निखिल आणि मी एडिंबरात. निखिलने तेलावर, मासेमारीवर, पाणबुड्यांच्या तळावर अशी काही तोफ डागली की समोरचे लंडनवाले कपांत तोंड घालून बसले. आम्ही जिंकलोच होतो. तेवढ्यात इंदुताई उठल्या आणि म्हणाल्या, "आता जागा बदला."

आम्ही लंडन झालो. निखिलला स्वतःच्याच मागण्यांना उत्तरं द्यायची वेळ आली. पहिली दहा मिनिटं तो तावातावाने बोलला, मग अडकला. "ताई, हे फेअर नाहीये," तो म्हणाला. "मी लंडन असेन तर मला हे कधीच देता येणार नाही. माझे लोक मला घरी बसवतील."

"मग जे देता येत नाही ते मागितलंस कशाला?"

"मागायला काय जातं?"

"जातं की. दुसऱ्याचा तुझ्यावरचा विश्वास जातो. तो परत आणायला फार वर्षं लागतात."

हे त्या नुसतं बोलायचं म्हणून बोलल्या नव्हत्या, ते मला पुढे कळलं. एका शनिवारी मी त्यांच्या गाडीतून शाळेला चालले होते. ही शाळा म्हणजे शनिवारची मराठी शाळा. आमची मुलं आणि शेजारच्या शहरातली मुलं यांच्यासाठी इंदुताईंनी आणि त्यांच्या दिवंगत यजमानांनी ती एका चर्चच्या हॉलमध्ये सुरू केली होती. चौदा वर्षं त्याच तिथे शिकवत होत्या. त्या दिवशी सिग्नलला गाडी थांबली असताना त्यांनी एकदम बेळगावातल्या विहिरीची गोष्ट काढली. त्यांचं घर आणि शेजारच्या पाटलांचं कानडी घर यांच्या मधोमध एक विहीर होती, दोघांची मिळून. पाटलांची गिरिजा त्यांची जिवाची मैत्रीण. सीमाप्रश्न पेटला, बेळगाव महाराष्ट्रात जायला पाहिजे म्हणून मोर्चे निघू लागले. इंदुताईंचे वडील मोर्च्यात पुढे असत.

"माझे बाबा चुकीचे नव्हते हं," त्या म्हणाल्या. "मला आजही वाटतं, त्यांचं म्हणणं खरं होतं. पण आम्ही निघून जाणार म्हणजे पाटलांचं काय होणार, हे आमच्या घरात कुणी एकदासुद्धा बोललं नाही. आणि राहा म्हणजे कसं राहा, हे त्यांच्या घरात कुणी बोललं नाही. मग काय? आम्ही सकाळी पाणी काढायचो, ते दुपारी. मी आणि गिरिजा एकाच विहिरीवर, पण सहा वर्षं एकमेकींशी बोललो नाही. बेळगाव आहे तिथंच आहे. आमचंच तेवढं गेलं."

सिग्नल हिरवा झाला. मागून कुणीतरी हॉर्न दिला. इंग्लंडात हॉर्न म्हणजे शिवीच. इंदुताईंनी शांतपणे गाडी काढली.

खेळाचं खरं व्हायला सहा महिने पुरले. आमचं तीन गावांतल्या मराठी माणसांचं मिळून एक मोठं मंडळ होतं. अध्यक्ष परांजपेकाका, निवृत्त इंजिनिअर, वीस वर्षं अध्यक्ष. दर वर्षी रीतसर निवडणूक व्हायची, उमेदवार तेवढा एकच असायचा. गणपती नेहमी त्यांच्याच गावात, कार्यक्रम नेहमी नाट्यसंगीताचा, आणि आम्ही ढोल-ताशाचं नाव काढलं की काका म्हणत, "पुढच्या वर्षी बघू." पाच वर्षं ते पुढचं वर्ष आलं नाही. शेवटी नॉटिंगहॅमकरांनी वेगळं व्हायचं ठरवलं. नव्या मंडळाचा अध्यक्ष निखिल, चिटणीस मी.

पत्र मी लिहिलं. अपमान करायचा तर शुद्धलेखन पाळून करायचा, ही आमच्याकडची रीत. 'येत्या गुढीपाडव्यापासून आम्ही आमचे स्वतंत्र मंडळ स्थापन करीत आहोत. गेली वीस वर्षे आपण एकट्याने वाहिलेला भार आता हलका होईल, याचा आपणांस आनंदच वाटेल,' असा तो मजकूर. साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त धरला, ईमेल सगळ्यांना पाठवला आणि खुशीत पेढे वाटले. पाडव्याला पाच आठवडे होते. किटलीची आठवण आमच्यातल्या एकालाही झाली नाही. चार रविवार धडे गिरवलेले आम्ही, पण वेळ आली तेव्हा पंचांग काढून बसलो.

परांजपेकाकांचं उत्तर दोन ओळींचं आलं. शाळा मंडळाची आहे, हॉल मंडळाच्या नावावर आहे. पाडव्यानंतर मंडळात नसलेल्यांच्या मुलांना प्रवेश देता येणार नाही.

बावीस मुलांतली अकरा आमची. माझी सई त्यांत. आणि राहिलेल्या अकरा मुलांत शाळा चालणार नव्हती, हे परांजप्यांनाही ठाऊक असणार. इंदुताईंची चौदा वर्षं माझ्या एका पत्राने पाच आठवड्यांवर येऊन ठेपली होती.

मी रडत त्यांच्याकडे गेले. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी पत्राची छापील प्रत माझ्या हातात दिली. "मोठ्यानं वाच. तू परांजपे आहेस असं समजून वाच. घरी एकटा आहेस. बायको जाऊन दोन वर्षं झाली. सकाळचा चहा घेऊन कॉम्प्युटरपुढे बसलायस. वाच."

मी वाचू लागले. 'आपण एकट्याने वाहिलेला भार' इथपर्यंत आले आणि कागद खाली ठेवला. मला माझीच इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

"तारीख मागे घ्या," एवढंच त्या म्हणाल्या.

निखिल ऐकेना. "ताई, आता बॅकआउट केलं तर आपण वीक दिसू."

"दिसा की. वेगळं होऊ नका म्हणत नाही मी. जरूर व्हा. पण तारीख सांगितल्यावर समोरचा माणूस तुमच्याकडे बघत नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो. त्याला तुमच्याकडे बघू दे."

तारीख मागे घेतली. पाडवा कोरडा गेला. त्यानंतरच्या तीन शनिवारी शाळा सुटल्यावर परांजपेकाका आणि निखिल इंदुताईंच्या टेबलाशी समोरासमोर बसले. टिपणं घ्यायला मी. निखिलने यादी आणली होती: साउंड सिस्टिम, मोठी पातेली, मखर, सतरंज्या. इंदुताईंनी यादी उचलली आणि पालथी घातली. "पातेली वाटता येतात. जे वाटता येत नाही ते आधी. आणि त्याच्याही आधी, परांजप्यांना कशाची भीती वाटते ते निखिल सांगेल. निखिलला काय खुपतं ते परांजपे सांगतील. बरोबर सांगितलं म्हणून समोरच्यानं मान हलवली की मगच पुढं."

निखिल दोनदा चुकला. आधी म्हणाला, काकांना खुर्ची सोडवत नाही. परांजप्यांनी मान हलवली नाही. मग म्हणाला, काकांना वाटतं आम्ही धांगडधिंगा करू. तरी नाही. तिसऱ्या वेळी तो हळू आवाजात म्हणाला, "काका, तुम्हाला वाटतं की आम्ही गेलो तर पुढच्या गणपतीला हॉलमध्ये फक्त सत्तरीचे वीस जण असतील. आरतीला आवाजच होणार नाही."

परांजपेकाकांनी चष्मा काढला. मान हलवली. मग ते माझ्याकडे बघत म्हणाले, "यांना वाटतं, आम्ही यांना इतकी वर्षं पाहुणे समजलो. या, बसा, जेवा, जा. स्वयंपाकघरात कधी येऊ दिलं नाही." आणि बरोबर आहे का म्हणून विचारायच्या आधीच म्हणाले, "खरं आहे ते."

त्यापुढचं सोपं गेलं असं नाही. सतरंज्यांवरूनसुद्धा आवाज चढले. पण पितळी गणपती कुणाकडे, हा ज्याला आम्ही सगळ्यात जास्त घाबरत होतो तो प्रश्न निखिलनेच सोडवला. "मूर्ती तुमच्याकडेच राहू दे, काका. आम्ही शाडूची करू. आणि तुमच्या पहिल्या दिवसाच्या आरतीला आम्ही सगळे येणार, ढोल घेऊन." परांजपेकाका म्हणाले, "ढोल बाहेरच्या बाहेर. मखर मात्र तुम्ही न्या. तुमच्या हॉलचं छत उंच आहे."

शाळेचं कलम इंदुताईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून आणलं होतं. शाळा कुठल्याच मंडळाची नाही. दोन्हीकडची मुलं येतील. आणि शाळेत शिकवणारी व्यक्ती दोन्ही मंडळांपैकी एकाचीही सभासद असणार नाही.

हे शेवटचं वाक्य वाचून परांजपेकाका दचकले. "अहो इंदुताई, मंडळ तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी काढलंय! पहिली वर्गणी तुमच्या घरी गोळा केली आपण."

"काढलं की. म्हणून तर मीच निघायला पाहिजे. मी एका बाजूला दिसले तर दुसऱ्या बाजूची पोरं येणार नाहीत."

त्यांनी तिथल्या तिथे सही केली. खरं सांगायचं तर शाळा वाचली या आनंदात आम्हाला ते फारसं जाणवलंही नाही.

मला जाणवलं ते गणपतीत. मोठ्या मंडळाच्या पहिल्या आरतीचं तबक वीस वर्षं इंदुताईंच्या हातात असे. त्या वर्षी त्या सगळ्यात मागे, जिथे लोक चपला काढतात तिथे उभ्या होत्या. आमचे ढोल बाहेर वाजत होते, आत आरतीला चांगला खणखणीत आवाज होता. परांजपेकाका तबक घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी हात जोडले, तबक घेतलं नाही. "पाहुणी आहे मी," म्हणाल्या. चार दिवसांनी आमच्या गणपतीलाही तेच.

घरी सोडताना मी विचारलं, "ताई, वाईट नाही वाटत?"

"वाटतं की गं. न वाटायला काय झालं? ह्यांची आठवण येते त्या हॉलमध्ये." त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. "पण परवाच्या शनिवारी बावीस पोरं होती. दोनदा मोजली मी."

पुढे बऱ्याच वर्षांनी हा अख्खा देशच एका मोठ्या संघातून बाहेर पडायला निघाला. तारीख आधी ठरली, घड्याळ टिकटिकू लागलं, आणि तेल-मासळी-सरहद्दीवरून रोज टीव्हीवर खडाजंगी. ऑफिसात कुणी म्हणे निघायलाच हवं होतं, कुणी म्हणे नको होतं. मला मात्र प्रत्येक बातमीला वाटे, यांना कुणीतरी आमच्या इंदुताईंच्या टेबलाशी तीन शनिवार बसवायला हवं होतं. तोवर त्या या जगात नव्हत्या. निघावं की निघू नये, यावर त्यांनी आम्हाला कधी मत दिलं नाही. निघताना माणसासारखं कसं वागावं एवढं मात्र शिकवलं, आणि ते मला देशापेक्षा घरातच जास्त उपयोगी पडलं. नोकरी सोडताना, सासूबाईंपासून वेगळं बिऱ्हाड करताना, सई शिकायला दूर गेली तेव्हाही. किती वेळा मनातल्या मनात मी त्यांचे पाय धरलेत, त्याला गणती नाही.

दोन हजार नऊच्या जूनमध्ये त्या ॲबर्डीनला मुलीकडे राहायला गेल्या. गुडघे थकले होते. "स्कॉटलंडला चाललेय. उद्या तो देश बाहेर पडला तर मी आपोआप बाहेर," असं सगळ्यांना हसत सांगत होत्या. शाळा त्यांनी माझ्या हाती दिली, म्हणजे मला नव्या मंडळाचं चिटणीसपद आणि सभासदत्व दोन्ही सोडावं लागलं. ज्या मंडळासाठी मी एवढी भांडले त्यातून दीड वर्षात बाहेर. त्यांनी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्या निघाल्या तो शनिवारच होता. शाळेतूनच परस्पर जायचं होतं. मुलीने गाडी हॉलच्या आवारात आणून लावली होती. इंदुताई अर्धा तास मागच्या बाकावर पोरांत बसल्या, मी शिकवत होते ते डोळे मिटून ऐकलं, आणि मध्येच उठल्या. मी फळ्यापासून पुढे आले तर हातानेच थांबवलं. "वर्ग सोडून यायचं नाही," म्हणाल्या आणि त्यांच्या त्या भरभर चालीने बाहेर गेल्या.

मी उघड्या खिडकीतून बघत राहिले. निरोपाला परांजपेकाका आणि निखिल दोघंही आले होते. इंदुताई पुढच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला, मांडीवर पर्स घेतली. पण गाडी काही हलेना. बघते तर परांजपेकाकांनी बॉनेटवर रस्त्यांचा नकाशा पसरलेला, निखिलच्या हातात त्याचा रस्ता सांगणारा सॅटनॅव्ह. काका म्हणत होते एम सिक्सने जा, डोंगरातून, दृश्य चांगलं आहे. निखिल म्हणत होता, "काका, काहीतरीच काय, ए वन इज फास्टर!" काका नकाशावर बोट आपटत होते, निखिल त्यांच्या खांद्यावर हात टाकून ते बोट बाजूला सरकवत होता. मुलगी किल्ली हातात घेऊन नुसती उभी.

माझ्यामागे पोरांनी गोंधळ सुरू केला होता. कुणीतरी माझा दुपट्टा ओढून विचारत होतं, "ताई, काय झाला बाहेर?"

बाहेर दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. इंदुताईंना रात्रीच्या आत पोचायचं होतं, उशीर होत होता. त्यांनी एकदा काच खाली केली. मला वाटलं, आता नेहमीसारखं म्हणतील, तुझं म्हणणं असं आहे, बघ हं. पण त्या खिडकीत कोपर टेकवून ते भांडण ऐकत बसल्या, आणि या वेळी त्यांचे डोळे उघडे होते.